वीतभर उंचीवरचे डोळे

४ मार्च

चि. ठकीस आईचे पोटभर आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र आलं. दोनदा मी वाचलं, तिसऱ्यांदा भिंगरीने फाडलं. फोन कर म्हणतेस, पण फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू घाईत बोलतेस. त्यापेक्षा हे बरं. अक्षर कोंबडीच्या पायांसारखं आहे, पण शाळेत तरी मी कितीशी गेले.

इथे सगळे दमलेले. तुझा दादा पहाटे व्हॅन घेऊन निघतो, लोकांच्या दारोदार खोकी पोचवतो आणि दुपारी परत येतो तो पिळून टाकलेल्या फडक्यासारखा. सूनबाई दवाखान्याच्या खिडकीत बसून दिवसभर लोकांची नावं विचारते आणि घरी आल्यावर मलाच विचारते, मी काय करायला उठले होते हो? मजेत आहे ती मी एकटी. नात दिवसभर माझ्या पायात. चालणं तिला ठाऊकच नाही, पळतेच. भिंगरी नाव मी उगाच नाही ठेवलं.

गॅरेजच्या नव्या दाराचं तुला लिहायचं राहिलं. बटण दाबलं की आपोआप खाली येतं. दोन्ही बाजूंना, जमिनीपासून वीतभर उंचीवर, इवलेसे काळे डोळे बसवलेत. मिस्त्री म्हणाला, आजी, ह्या डोळ्यातून त्या डोळ्यात एक किरण जातो, तो आपल्याला दिसत नाही. मध्ये मांजर आलं, मूल आलं, की किरण तुटतो आणि उतरणारं दार थांबून परत वर जातं. मी लगेच केरसुणी आडवी धरून पाहिली. दार अगदी अदबीने मागे गेलं. माझ्यासाठी कोणी इतकं मागे सरल्याचं मला आठवत नाही, तुझे वडील तर नाहीच नाही.

पण गेल्या आठवड्यापासून ते रुसलंय. मध्ये काही नसताना अर्ध्यावर येतं आणि माघारी फिरतं. मी तर घरातल्या बिजागऱ्यांबरोबर त्या डोळ्यांचीही रोज निगा राखते. दादाने तोड काढली आहे. भिंतीवरचं बटण दाबून धरायचं, की दार निमूट खाली येतं. रविवारी तो डोळे काढून वरच्या फळीवर समोरासमोर ठेवणार आहे. मग ते एकमेकांना बघत बसतील आणि आपली कटकट मिटेल. डोकं आहे हो त्याला.

तुझ्या पाठीचं कसं आहे ते खरं लिही. आईवरची माया आटू देऊ नकोस.

तुझी आई


९ मार्च

ती. आईस सा. न. वि. वि.

पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि डबा तसाच राहिला. दादाला म्हणावं, फळीचा विचार सोड.

आमच्या कारखान्यात पुठ्ठे दाबायचं यंत्र आहे, त्यालाही असेच डोळे आहेत. हात आत गेला की ते थांबतं. सारखं थांबतं म्हणून कोणीतरी त्या डोळ्यांचा असाच काहीतरी बंदोबस्त केला होता. काम भराभर होऊ लागलं, सगळे खूश. माझ्या शेजारी उभी राहायची ती बाई आता डाव्या हाताने सही करायला शिकते आहे. जास्त लिहीत नाही. तेव्हापासून तिचं कामही आम्हीच ओढतोय.

बटण दाबून धरणं म्हणजे दाराला सांगणं, की तू डोळ्यांचं ऐकू नकोस, मी बघतोय. आणि दादा त्या वेळी खरंच बघतो का? पिळलेलं फडकं असं तूच लिहिलंस. फळीवर ठेवलेत तर डोळे एकमेकांना दिसतील, दारालाही वाटेल सगळं ठीक आहे. भिंगरी मात्र कोणालाच दिसणार नाही.

दोन्ही डोळ्यांवर बारीक दिवे असतील. ते स्थिर जळायला हवेत. एखादा विझला किंवा लुकलुकू लागला, तर डोळा मळलाय नाहीतर वाकडा झालाय, बस. आणि आई, निगा राखतेस म्हणजे नक्की काय करतेस? माझ्या बाहुलीच्या पापण्या नीट मिटाव्यात म्हणून तू शिलाई मशीनचं तेल घातलं होतंस. ती बिचारी नंतर कायम एक डोळा मिटून राहिली.

पाठ आहे तशीच. तुझा हात अजून तिच्यावरून फिरतोय असं समजते.

तुझी ठकी


१५ मार्च

चि. ठकीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

हो बाई, तेलच. एकेक थेंब. मला काय माहीत ह्या डोळ्यांना कोरडं राहायला आवडतं ते. तू इतक्या लांबून ओळखलंस ह्याचं मला कौतुकच वाटलं, मग लाज वाटली, मग परत कौतुक.

पण तुझं पत्र येईपर्यंत डोळे फळीवर गेले होते. दादाला वाचून दाखवलं. तो चिडला. म्हणाला, दिवसभर परक्यांच्या दारांशी झगडायचं आणि घरी आलो की आपल्याही दाराशी? उद्या बघतो म्हणाला आणि झोपला. त्याचं उद्या तुला माहीत आहे, लहानपणापासून येतंय.

मग मी स्टूल घेतलं आणि दाराच्या रेषेवर बसले. दुसऱ्या दिवशी तो आला, व्हॅन आत घेतली, मला ऊठ म्हणाला. मी म्हटलं, डोळे वर गेलेत, तर खाली कोणीतरी हवं ना. दाब आता बटण. सूनबाई तेवढ्यात कामावरून आली. तिने पर्स खाली ठेवली आणि माझ्याशेजारी जमिनीवर बसली. मांडीवर भिंगरी. दादा म्हणाला, घरात राहतो की मोर्चात? पण पेचकस आणायला गेला.

मी डोळे कोरड्या मऊ फडक्याने पुसले, त्याने ते परत खाली बसवले. एक दिवा तरीही लुकलुकत होता, भिंगरीच्या तीनचाकीने डोळा धरणारी पट्टी वाकली होती. दादाने ह्या डोळ्यापासून त्या डोळ्यापर्यंत माझा शिवणाचा दोरा ताणला आणि पट्टी सरळ केली. दोन्ही दिवे लागले. रिकामं खोकं मध्ये ठेवलं, दार परत गेलं. काढलं, दार मिटलं. भिंगरीने पुन्हा पुन्हा करायला लावलं. त्याच्याकडून मी एकच कबूल करून घेतलं, बटण दाबायचं आणि सोडून द्यायचं. तो हो म्हणाला, पण जांभई देत. म्हणून स्टूल मी तिथेच ठेवलंय.

बाकी सगळं छान. पत्राची वाट बघायला मला तरी वेळच वेळ आहे.

तुझी आई


२४ मार्च

ठके,

मी कधी लिहीत नाही, तेव्हा घाबरू नकोस. आई तुला हे कळवणार नाही. विचारलं तर म्हणेल, काही झालं नाही.

परवा दुपारी आलो. व्हॅन आत घेतली, बटण दाबलं. मधले आठ दिवस मी कबूल केल्याप्रमाणे सोडून देत होतो असं नाही. आई बघत नसली की अंगठा तिथेच राहायचा, सवय झाली होती. परवा ती स्टुलावर बसून माझ्या हाताकडे टक लावून होती, म्हणून सोडला. आणि भिंतीला टेकून डोळे मिटले.

भिंगरीची चप्पल बाहेर राहिली होती. ती माझ्या मागून कधी पळाली ते मला कळलं नाही. आई उठायला गेली, तिचे गुडघे तुला माहीतच आहेत. तिची हाक निघाली तोवर दार थांबून वर चाललं होतं. भिंगरी खाली वाकून चप्पल घालत होती, उलट्या पायात.

मी तिला उचललं आणि तिथेच जमिनीवर बसलो. आई माझ्या डोक्यावर हात ठेवून होती. मग म्हणाली, चहा टाकते, आणि भिंतीला धरून आत गेली.

आता व्हॅनमधून उतरलो की आधी वाकून दोन्ही दिवे बघतो. रविवारी खोकं ठेवून बघतो. तुमच्या कारखान्यातल्या त्या बाईंना माझा नमस्कार सांग.

आई अजून रोज दुपारी स्टूल टाकून बसते. मी म्हटलं, आता दार बरोबर चालतंय, तू जरा पड जा. तर म्हणाली, तू घरी आल्याशिवाय मला पाठ टेकवत नाही, त्यात दाराचा काही दोष नाही.

तुझ्यावरचा राग-लोभ पूर्वीसारखाच. सुट्टी मिळाली की ये.

दादा