बांगड्यांच्या आवाजासकट

माझी जमना वैनी,

तुला पत्र लिहिते म्हणजे नवलच ना? तू पाटी धरली नाहीस, मी चौथीत सोडली! पण हॉस्पिटलात ॲडमिट होऊन बसलेय. उद्या सकाळी गळ्याची गाठ काढणार. डॉक्टर म्हणाले, "आजी, आवाज थोडा बदलू शकतो." थोडा म्हणजे किती गं? ते काही सांगेनात! म्हणून म्हटलं, आहे तोवर तुझ्याशी बोलून घ्यावं.

तू थोरली जाऊ, नि अख्ख्या कोपरखैरणे गावाची धवलारीण. तुझ्या धवल्याच्या गाण्याशिवाय कुणाला हळद लागली नाही. तू गेलीस आणि लग्नात डीजे तेवढा उरला. आता माझी नात सई माघात नवरी होणार. म्हणाली, "आजी, मला तुझाच धवला पाहिजे. ऑपरेशनच्या आधी घरीच रेकॉर्ड करू, एकदम स्टुडिओसारखा." अगं, माझे पाय जमिनीवर राहीनात!

चारला इथे यायचं होतं, म्हणून सकाळीच बसलो. सईनं कपड्यांचं कपाट उघडलं, मला साड्यांकडे तोंड करून बसवलं. वरून तू शिवलेली गोधडी टांगली. आवाज घुमत नाही म्हणे. माईकला तिच्या बापाचा धुतलेला मोजा घातला. पंखा बंद, फ्रिज बंद. घामानं अंघोळ!

आणि मग म्हणते, "आजी, बांगड्या काढ ना, माईकमध्ये वाजतात."

बाहेरच्या खोलीतून हे ओरडले, "ए पोरी, मी जिता हाय अजून!"

हसून हसून पुरेवाट. शेवटी दोन्ही हातांना रुमाल बांधले.

पहिल्यांदा गायले, घंटागाडी आली. दुसऱ्यांदा विमान. मग सगळं शांत झालं, तर मीच अडकले! "पाची जनींनी पानी आनिला गो..." पुढे? पुढे काय गं वैनी? चार वेळा, पाच वेळा. घड्याळात दोन वाजले. सई गोड बोलत होती, पण नखं खात होती. मला रडू यायला लागलं. आज नाही आठवलं तर उद्यानंतर कुठल्या गळ्यानं म्हणू?

तुझा राग आला मला. खरंच आला. मी लिहून घेते म्हटलं तेव्हा हसलीस. "धवला कागदान मावंल का गो?" शब्द कधी वेगळे शिकवलेस? नुसतं मागे बसवून गायला लावलंस!

रागानं हात गुडघ्यावर आपटला. रुमालाचा नुसता धप्प आवाज आला. तेव्हा कळलं. तू हात आपटायचीस, बांगड्या खण्ण करायच्या, आणि त्या खण्णवर पुढचा शब्द यायचा!

रुमाल सोडले. खण्ण. "...कलशीन चांद उतरला गो!" मग थांबलेच नाही. शेवटपर्यंत.

सई हेडफोन कानाला लावून ऐकत होती. म्हणाली, "बांगड्या आल्यात, आजी."

"खबरदार पुसल्यास तर."

"पुसत नाही गं. बाजूला कुणीतरी बसलंय असं वाटतं."

तू कधी आलीस तिथे? सांगायचं तरी!

गडबडीत फ्रिज चालू करायचा राहिला. यांनी आणलेले बोंबील गेले. गाडीत बसेपर्यंत चिडचिड चालली होती, "धवला झाला, माझं कालवण गेलं!" मला मात्र दिसत होतं, हात माझा सोडत नव्हते.

आत्ता नर्स येऊन गेली. उद्या आत नेताना बांगड्या चालत नाहीत म्हणाली. इथे यांचं ओरडणं कोण ऐकणार? मीच म्हटलं, काढ बाई. सईच्या ओटीत घातल्या. हात कसा हलका लागतोय गं, मुळीच आवडत नाही.

पण ऐक. ते रेकॉर्ड सईपाशी राहील, अडीअडचणीला. हळदीच्या दिवशी मी स्वतः बसणार, हात भरून. आवाज कावळ्यासारखा आला तरी गाणार, आणि या वेळी सईला मागे नाही, शेजारी बसवणार. शब्दही सांगणार, खण्णही शिकवणार. तू तेवढी पुढची ओळ सांगायला ये.

तुझी धाकटी जाऊ,
हौसा