पाच नावांनंतर

॥ श्री ॥
नेहरू नगर, भिलाई
३ डिसेंबर २०२३

ती. कमलिनीताईस,
विजयकुमारचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. फोनवर आपण भाऊबहीण एकाच वेळी बोलतो आणि एकाच वेळी चिडून फोन ठेवतो, त्यापेक्षा पत्र बरं, हे तुझं म्हणणं पटलं. पत्रात निदान तुझं संपेपर्यंत मला मध्ये तोंड घालता येत नाही. तुझ्या भावजयीने, नूतनने, तुझ्यासाठी स्वेटर विणायला घेतला आहे. बाह्या झाल्यात. बाकीचा उन्हाळ्यापर्यंत होईल.

तू हर्षलच्या खेळाचं विचारलंस. काय सांगू? कारखान्याच्या बास्केटबॉल संघात त्याला नऊ वर्षं झाली, वयाची एकतीस झाली, आणि सामना सुरू होतो तेव्हा आमचे चिरंजीव बसलेले असतात. संघात बारा जण, खेळतात पाच. सामन्याआधी माइकवरून पाच जणांची नावं पुकारतात, आडनावासकट. एकेक जण टाळ्या घेत धावत मैदानात येतो. हर्षल खांद्यावर टॉवेल टाकून टाळ्या वाजवणाऱ्यांत. पुढे मध्येच कधीतरी त्याला आत पाठवतात, तेव्हा माइकवाला नुसतं 'चौदा नंबर' म्हणतो.

ताई, मी चौतीस वर्षं रेल मिलमध्ये टोकन नंबरावर काढली. पगाराच्या खिडकीवर नंबर, कँटीनमध्ये नंबर. पोराचं तरी नाव चारचौघांत कोणीतरी मोठ्याने घ्यावं, एवढीच माझी इच्छा आहे. दर सामन्याला मी थर्मास घेऊन जातो, पाच नावं ऐकतो आणि चहा पितो.

एक बातमी मात्र आहे. परवा शिबीर संपताना प्रशिक्षक प्रशांत सरांनी हर्षलला यंदाच्या उत्तम बेंचचा मान दिला. नूतनने खीर केली. मी खाल्ली, पण गोड लागली नाही.

गुडघ्याला तेल लावत जा. माझ्यावर रागावत राहा, पण लोभ कमी करू नको.
तुझा,
विजय


पुलगाव
१० डिसेंबर २०२३

चि. विजयकुमार यास,
अनेक आशीर्वाद.

हर्षलला उत्तम बेंच मिळाल्याचं वाचून फार आनंद झाला. असं बक्षीस मिळालं असताना तुला खीर गोड लागत नाही, हे तुझं लहानपणापासूनचं आहे. दिवाळीत फटाके मिळाले की तू उदबत्तीसाठी रडायचास.

बेंच सागवानी आहे की लोखंडी? तुमच्या गावात लोखंडीच असणार. पाठ टेकायला आहे ना? मी छत्तीस वर्षं मास्तरकी केली, तेवढी वर्षं बेंचच पाहिले. बिनपाठीचा असेल तर नम्रपणे बदलून मागा. अंगणात उन्हात ठेवू नका. शेजारच्या चंदाला सांगितलं तर ती लगेच म्हणाली, तिच्या भाच्याला कबड्डीत टेबलफॅन मिळाला होता. मी म्हटलं, फॅन बिघडतो, बेंच तीन पिढ्या टिकतो.

'शिबिर' मधला 'बि' ऱ्हस्व असतो. सेवानिवृत्त झालास म्हणून तो दीर्घ होत नाही.

नूतनला सांग, नुसत्या बाह्या पाठवल्या तरी चालतील, मफलर म्हणून वापरीन. मुलाला माझ्या वतीने शाबासकी दे, तुझ्या वतीनेही दे.
आशीर्वाद देणारी,
ताई


॥ श्री ॥
नेहरू नगर, भिलाई
१८ डिसेंबर २०२३

ती. कमलिनीताईस,
सा. न. वि. वि.

ताई, बेंच म्हणजे बाक नव्हे. जे सुरुवातीला खेळत नाहीत, बाजूला बसतात, त्यांना बेंच म्हणतात. बसणाऱ्यांत आपला हर्षल सगळ्यांत चांगला, असा त्या मानाचा अर्थ आहे. आता कळलं खीर का गोड लागली नाही? तू चंदाला सांगितलंस, चंदाने दिराला कळवलं, आणि तो दीर भिलाई-३ ला राहतो. रविवारी सहकुटुंब बेंच बघायला आला. नूतनने त्यांना पोहे दिले आणि जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्यांवर बसवलं.

पण ते सोड. आता खरी बातमी. आपला संघ अंतिम सामन्यात गेला आहे. सामना १४ जानेवारीला इथेच, झारखंडच्या संघाशी. प्रशांत सर हर्षलला म्हणाले की रूपेश अजून कोवळा आहे, मोठ्या सामन्यात अनुभव पाहिजे, म्हणून त्याच्या जागी सुरुवातीपासून तू. पहिल्या पाचांत! ताई, ऐकताच मी सायकल काढली आणि सगळ्या नेहरू नगरात सांगून आलो.

आपल्या मराठी मंडळाचे चिटणीस भय्याजी तर माझ्याहून पुढे. चाळीस माणसांची बस ठरवली, ढोल ठरवला, 'पहिल्या पाचांत आपला हर्षल' असा कापडी फलकही लिहायला टाकला. तू येशील का? गाडी पुलगावहून थेट दुर्गला येते, उतरवून घ्यायला मी येईन. नाव पुकारताना तू शेजारी असावीस असं वाटतं.

येण्याचं कळव. न आलीस तर लोभ राहील, पण जरा लंगडत राहील.
तुझा,
विजय


सेक्टर-६, भिलाई
२७ डिसेंबर २०२३

ती. आत्याले,
हर्षलचा सा. न.

पत्ता पाहून घाबरू नको, घर सोडलं नाही. मित्राच्या क्वार्टरमध्ये बसून लिहून राहिलो, कारण घरी बाबा पाठीमागून वाचतात. माझं मराठी तुले माहीत आहे. चुका लाल पेननं सुधार, पण आधी माझं काम कर.

मी प्रशांत सरले नाही म्हटलं. फायनलमध्ये रूपेशच सुरू करन, मी नेहमीसारखा नंतर जाईन. सरनं अर्धा तास ऐकलं आणि ठीक है म्हटलं. बाबाले अजून सांगितलं नाही. आत्या, बाबा रोज सकाळी अंगणात झाडाले पाणी देता देता माइकवाल्याच्या आवाजात माझं नाव म्हणून पाहतात. 'हर्षल काळमेघ' म्हणतात, मग थोडं थांबतात, मग पुन्हा म्हणतात. त्यायले मी कसं सांगू?

कावून नाही म्हटलं ते सांगतो. रूपेश वीस वर्षांचा आहे. पहिल्यापासून खेळला तर सुसाट पळते. पण बसवला की नखं खाते, आणि मग आत गेला की बॉल हातातून सुटते. त्याले बसता येत नाही, मले येते. बसणं बी एक काम आहे. पहिली दहा मिनिटं मी पाहत राहतो. समोरचा कोण धापा टाकून राहिला, कोणाचा एकच हात चालते, रेफरी कशावर शिटी मारते. मग आत जाऊन ते सगळं वापरतो. सुरुवातीले खेळलो तर मी साधा खेळाडू आहे. नंतर गेलो तर संघाले माझा उपयोग आहे. हे समजाले मलेच पाच वर्ष लागले. बाबाले पंधरा दिवसांत कसं समजन?

तू सांग ना. तुझं ते ऐकतात. आईले सांगितलं तर ती म्हणाली, आधी फायनल होऊ दे, मग सांगू.
तुझा लाडका (तूच म्हणतेस),
हर्षल


पुलगाव
३ जानेवारी २०२४

चि. विजयकुमार यास,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र उभ्याने वाचू नकोस. बस. बसलास? आता पुढे वाच.

हर्षल अंतिम सामन्यात पहिल्या पाचांत नसेल. सरांनी काढलं नाही, त्यानेच नको म्हटलं. त्याचं पत्र सोबत पाठवते आहे, कारण त्याची कारणं मला त्याच्याइतकी नीट सांगता यायची नाहीत. एकतीस वर्षांत पोरगा पहिल्यांदा तुला नाही म्हणाला, आणि तेही पुलगावमार्गे. तुझा धाक किती आहे ते यावरून समजून घे आणि जरा लाज वाटू दे.

खरं सांगायचं तर मलाही त्याचं सगळं कळलं नाही. धापा, शिटी, एकच हात, यातून माझ्या डोक्यात कुस्ती उभी राहते. पण विजय, त्या पोराने तीन पानं मराठी लिहिलं आहे. दिवसभर हिंदीत वावरणारा मुलगा, मित्राच्या घरी बसून बावीस चुका करत तीन पानं लिहितो, ते उगाच नव्हे. तुला दुखवायचं नाही म्हणून त्याच्या जिवाचं पाणी झालं आहे.

त्याला ओरडलास तर गाठ माझ्याशी आहे. अंगणातली तालीम बंद कर. माझे गुडघे प्रवासाला तयार नाहीत, म्हणून मी येत नाही, पण तू जा. गेलास की नाही ते मला कळवायचं आहे, हे लक्षात ठेव.

सर्वांना तिळगुळाचे आगाऊ आशीर्वाद.
ताई


नेहरू नगर
८ जानेवारी २०२४

ती. ताईस,
सा. न.

पत्र बसून वाचलं. काही उपयोग झाला नाही.

ओरडलो नाही. बोलतच नाही. मीठ लागलं तर नूतनकडे मागतो, ते हर्षलच्या समोर असलं तरी. नऊ वर्षं वाट पाहिली, दार उघडलं, आणि हा दारातून म्हणतो की मला बाहेरच बरं वाटतं. मला समजत नाही आणि समजून घ्यायचंही नाही. भय्याजींना सांगायला गेलो, तर फलक वाळत घातलेला दिसला. न सांगता परत आलो.

सामन्याला मी जाणार नाही. लोभ असू दे, या आठवड्यात मला त्याची गरज आहे.
विजय


॥ श्री ॥
नेहरू नगर, भिलाई
१७ जानेवारी २०२४

ती. कमलिनीताईस,
विजयकुमारचा सा. न. वि. वि.

गेलो होतो. स्वतःहून नाही. भय्याजींनी बस बरोबर आमच्या फाटकासमोर उभी केली आणि हॉर्नवरचा हात काढेनात. चाळीस माणसं खिडकीतून माझ्याकडे बघत होती. नूतन माझा कोट घेऊन तयारच होती. मी चढलो, आणि फलकाखालीच जागा मिळाली.

पाच नावं पुकारली. रूपेशचं चौथं होतं. पाचवं झाल्यावर आमच्या मंडळींनी ढोल वाजवायचा थांबवला आणि सगळे माझ्याकडे वळले. भय्याजी म्हणाले, माइकवाल्याने एक नाव गाळलं असेल, मी जाऊन सांगू का? मी त्यांचा सदरा धरून त्यांना खाली बसवलं. ताई, भूमी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटलं.

रूपेश सुंदर खेळला, हे कबूल. चारपैकी तिसऱ्या भागात आपण सहा गुणांनी पुढे असताना त्याच्या पोटरीत गोळा आला. तो लंगडायला लागला, आणि प्रशांत सरांनी मान वळवायच्या आत हर्षल अंगातलं जॅकेट काढून कडेला उभा होता. हे मी पाहिलं. मग दुसरं पाहिलं. रूपेश बाहेर येताना हर्षलने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, रूपेश त्याच्या कानात काहीतरी बोलला, हर्षलने मान हलवली आणि तो आत गेला. तीन-चार सेकंद झाले असतील. आणि मी जागेवरून उठून उभा राहिलो.

तुला कारखान्यातलं माहीत नाही म्हणून सांगतो. मिल कधी थांबत नाही. पाळी संपली तरी तुझ्या जागेवर दुसरा येऊन उभा राहीपर्यंत तुला हलता येत नाही. त्या येणाऱ्याला रिलीव्हर म्हणतात. जाणारा त्याला चार वाक्यांत सगळं सांगतो, लोखंड लाटणारा कोणता रोल तापतो आहे, कोणती घंटा उगाच वाजते. त्याला आम्ही चार्ज देणं म्हणतो. चौतीस वर्षं मी दिवसातून दोनदा तेच केलं. रोज घ्यायचा, रोज द्यायचा.

हर्षल जन्मला त्या दिवशी माझी सकाळची पाळी होती. दोनला सुटायचं, आणि रिलीव्हर आलाच नाही. दवाखान्यातून दोन निरोप आले, नूतनचं अवघड आहे म्हणून. मी जागेवरून हलू शकत नव्हतो. अडीचला धर्मेंद्र साहू आला. त्याची साप्ताहिक सुटी होती, कोणीतरी त्याला घरी जाऊन सांगितलं होतं. मे महिन्याच्या उन्हात सायकल मारत आला आणि म्हणाला, 'जाओ भैया, मैं हूँ ना.' ताई, त्या पाळीचा फोरमन कोण होता, मोठा साहेब कोण होता, मला एकाचंही नाव आठवत नाही. धर्मेंद्रचं आठवतं. त्याचं नाव कुणी कधी माइकवर घेतलं नाही.

सामना आपण चार गुणांनी जिंकलो. हर्षलचे गुण सात, ते सगळे शेवटच्या दहा मिनिटांतले. बक्षीस समारंभात या वर्षीपासून एक नवा मान ठेवला होता, सर्वोत्तम सहाव्या खेळाडूचा, म्हणजे पाचांनंतर आत येणाऱ्याचा. तो हर्षलला मिळाला. त्याचं नाव पुकारलं, आणि नेमका त्याच वेळी माइकने शिट्टी मारली व आमच्या मंडळींनी ढोल बडवला. मला फक्त 'मेघ' ऐकू आलं. नऊ वर्षांत तेवढं.

घरी आल्यावर तो पाटावर पाय ठेवून गुडघ्याला बर्फ लावत बसला. आम्ही दहा दिवसांत बोललो नव्हतो. मान वर न करता त्याने विचारलं, बाबा, नाव आयकू आलं का? मी म्हटलं, नाव राहू दे. रूपेश तुले चार्ज देताना काय म्हणाला ते सांग.

त्याने बर्फ बाजूला ठेवला. मग सांगायला लागला. अकरा नंबरवाला थकला आहे, डावीकडून जा, रेफरी कोपर बघतो आहे, एवढंच रूपेश म्हणाला होता. त्यावरून हर्षल जो सुरू झाला तो जेवण वाढेपर्यंत थांबला नाही. नऊ वर्षांत आमच्यात खेळावर इतकं बोलणं झालं नव्हतं. कारण मी कधी विचारलंच नव्हतं, ताई. माझ्याच घरात एक पक्का रिलीव्हर जेवत होता आणि मी माइककडे कान लावून बसलो होतो. याचं मला वाईट वाटतं, ते तुझ्याजवळ लिहितो. त्याच्याजवळ अजून बोललो नाही, पण मीठ आता त्याच्याकडेच मागतो.

पुढच्या स्पर्धेचा पहिला सामना चार फेब्रुवारीला रायपूरला आहे. भय्याजींना बस ठरवायला सांगितली आहे. पाच नावं पुकारून झाली की सगळे मैदानाकडे बघतात. मी हर्षलकडे बघणार आहे.

स्वेटरचा गळा राहिला आहे. तुझा लोभ आहे, तो आम्हा दोघांत सारखा वाट.
तुझा,
विजय