बाबांनी सांगितलेली वेळ

१२ मार्च, सोमवार

सगळं बदललं ते आज सकाळी नऊ पंचावन्नला. काउंटरवरच्या बाईने आमच्या तीन तिकिटांकडे पाहिलं, मागच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि मान हलवली. विमान काचेतून दिसत होतं. उभं होतं तिथेच! पण दार बंद.

आणि हे कोणामुळे? घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसामुळे!

आमच्या घरात वेळ बाबा सांगतात. भिंतीवर घड्याळ नाही, आईच्या हातात नाही, माझ्या नाही. 'दिवसभर दुकानात टिकटिक ऐकतो, घरी तरी शांतता असू दे.' बाबांच्या मनगटावर मात्र त्यांचं जुनं चावीचं घड्याळ, अंघोळ सोडली तर कायम. आठ दिवस या बेटावर राहिलो, पण काटे इथल्या वेळेला लावले नाहीत. 'मी परदेशात आलोय, माझं घड्याळ नाही आलं.' अडीच तास मनात मिळवायचे आणि सांगायचं. आज सकाळी खोलीत म्हणाले, "आठला पाच कमी. चहा सावकाश घ्या." होते नऊला पाच कमी.

मी विमानतळावर सगळ्यांदेखत ओरडलो. काय काय बोललो ते लिहीत नाही. बाबा जमिनीकडे बघत म्हणाले, "चुकलं."

हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. त्यामुळे आणखीच राग आला.

पुढची जागा नऊ दिवसांनी! आणि माझी मैत्रीण १९ तारखेला जातेय. दुपारी बाराच्या बसने, मोठ्या शहरातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात नोकरीला. समोरची. आमच्या दुकानासमोर चष्म्याचं दुकान आहे, तिथे ती काम करते, म्हणून आमच्या घरात तिचं नाव 'समोरची'. मागच्या शुक्रवारी तिचा मेसेज आला — 'तू आल्यावर सांग, तू काय करणार आहेस. मी १९ ला निघतेय. आणि उत्तर रागात देऊ नकोस.'

रागात देऊ नकोस म्हणे! मी त्याच दिवशी फोन समुद्रात फेकला.

मी काय करणार ते ठरलेलंच आहे. तिच्याबरोबर जाणार. बाबांना सांगायचं बाकी आहे, आणि त्यावर भांडण होणार. होऊ दे.

संध्याकाळची बोट मिळाली. बोट, मग आगगाडी, मग बस, मग काय काय. काउंटरवरची बाई म्हणाली, सात दिवस लागतील. बारा अधिक सात एकोणीस. मी तीनदा मोजलं.

१३ मार्च, मंगळवार

बोटीवर. बाबांशी बोलत नाही.

बोट मधल्या एका बंदराला लागली; दोर बघत बसलो सकाळभर. मनगटाएवढा जाड दोर खलाशी दोन लोखंडी खुंटांभोवती नुसता इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा गुंडाळतो — गाठ नाही, काही नाही — आणि एवढं धूड जागचं हलत नाही! मी खुणेने विचारलं, सुटत कसा नाही? त्याने माझ्या हातात दोर दिला. ओढ म्हणाला. जेवढा ओढावा तेवढा आवळतो. अर्धा तास तेच करत होतो. कॉलेजात हे असं कोणी हातात दिलं असतं तर मी दुसऱ्या वर्षाला पेपर टाकून उठलो नसतो. तिथे सगळं फळ्यावर. आणि वर ते सर — 'घड्याळवाल्याचा मुलगा आणि उशिरा येतो!' म्हणून वर्गाला हसवणारे.

एक गंमत झाली. जेवणघरात परातीएवढं घड्याळ आहे. बाबा त्याच्या बरोबर समोर बसले होते. आणि वाढणाऱ्या माणसाला विचारतात, "किती वाजले?" त्याने घड्याळाकडे बोट दाखवलं. बाबा म्हणाले, "हो हो. खात्री केली."

कसली खात्री?

१४ मार्च, बुधवार

परत पाहिलं. बाबा घड्याळ बघत नाहीत, कानाला लावतात. चालू आहे का तेवढंच ऐकतात. मग इकडेतिकडे कोणी दिसलं की विचारतात.

आणि आई. बोटीच्या जिन्यावर आई म्हणते, "अहो, मला धरा. माझा पाय घसरतो." बाबा धरतात. पण मी खालून पाहिलं — आईचा पाय ठाम होता. चाचपत होता तो बाबांचा. कोण कोणाला धरतंय?

मी उगाच शोधत बसतोय का? दुसरं करायला काय आहे! फोन नाही. समोरचीचा चेहरा आठवायला गेलो तर आधी तिचे हातच येतात — चष्म्याच्या काडीचा तांदळाहून बारीक स्क्रू बोटाच्या टोकावर घेऊन बसवणारे.

संध्याकाळी बंदर लागलं. उद्या सकाळची गाडी.

१५ मार्च, गुरुवार

आज जे पाहिलं ते कोणाला सांगितलं तर खोटं वाटेल. सरहद्दीपलीकडे रुळांची रुंदी वेगळी आहे. तर आमचा डबा — आम्हां सगळ्यांसकट! — दोन्ही बाजूंनी वर उचलला, खालची चाकं ढकलून नेली आणि दुसरी आणून बसवली. आम्ही आत बसलेलो. आईचा चहासुद्धा सांडला नाही. मी खिडकीतून अर्धा बाहेर. खाली तेलाने माखलेली बाई हातोडीने प्रत्येक चाक ठोकून आवाज ऐकत होती. बद्द वाजलं तर तडा, खणखणलं तर पुढे. मला ऐकून ऐकून चौथ्या चाकापासून फरक कळायला लागला! मी ओरडून बाबांना सांगितलं. बोलत नव्हतो ते विसरूनच गेलो.

बाबा म्हणाले, "सांग, सांग. कशी ठोकते?"

मी म्हटलं, "या ना इकडे, बघा."

"तू सांग. तू चांगलं सांगतोस."

मग मी सगळं सांगितलं. चाकं, जॅक, साखळ्या, बाई. ते डोळे मिटून ऐकत होते.

१६ मार्च, शुक्रवार

मी एक नीचपणा केला. आता लिहायलाही लाज वाटते, पण करायलाच हवा होता.

संध्याकाळी बाबा अंग पुसून यायला गेले, गाडीत अंघोळ तीच; घड्याळ आईजवळ ठेवून. आई डुलकी काढत होती. मी चावी बाहेर ओढली आणि काटे फिरवून नऊवर आणले. बरोबर नऊ. लहान मूलसुद्धा ओळखेल असे.

तेवढ्यात तिकीट तपासनीस मोडक्या इंग्रजीत सांगत गेला — सव्वापाच वाजलेत, पुढचं स्टेशन दहा मिनिटांत. बाबा त्याच्या मागोमागच आले. घड्याळ मनगटावर बांधलं. मी विचारलं, "बाबा, किती वाजले?"

त्यांनी हात वर केला. तबकडी डोळ्यांसमोर धरली. नीट, सावकाश पाहिलं — नऊ वाजलेल्या त्या तबकडीकडे. आणि म्हणाले, "सव्वापाच."



तीस वर्षं घड्याळं दुरुस्त करणारा माणूस! त्याला मनगटावरचे काटे दिसत नाहीत. चूक आकडेमोडीची नव्हती, हट्टाचीही नव्हती. त्या सकाळी त्यांनी अंदाजाने वेळ सांगितली होती. आणि मी सगळ्यांदेखत त्यांना काय काय बोललो.

१७ मार्च, शनिवार

बस. घाटरस्ता. बाबा पुढच्या सीटवर झोपले. मी आईला हळूच म्हटलं, "बाबांना दिसत नाही."

आई खिडकीबाहेरच बघत होती. "तुला आत्ता कळलं?"

"तुला माहीत होतं?"

"दीड वर्ष झालं. मधोमध दिसत नाही, कडेकडेचं दिसतं. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढं टिकवू, गेलेलं येणार नाही. रोज सकाळी रेडिओवरून वेळ ऐकून मीच त्यांना सांगते. त्या दिवशी सामान भरण्यात मीच विसरले, बघ."

"आणि मला कोणी का नाही सांगितलं?"

आता तिने माझ्याकडे पाहिलं. "तू कॉलेज सोडून आलास त्याच महिन्यात कळलं. तू दार आपटून खोलीत जायचास. तुला काय सांगायचं, दारातून?"

 मग एकदम डोक्यात आलं — दीड वर्ष! मग दुकानात घड्याळं दुरुस्त कोण करतंय? गिऱ्हाइकं तर येतात. आम्ही निघेपर्यंत येत होती!

आईला विचारलं. आई म्हणाली, "ते मी सांगणार नाही. मी शब्द दिलाय."

कोणाला??

१८ मार्च, रविवार

सकाळी बस नदीपाशी संपली. पूल नाही, पसरट होडी. बस अलीकडे, माणसं पलीकडे. नावाडी काठी मारत नाही — पाण्यावर आडवा दोर ताणलाय, होडी त्याला धरून तिरकी ठेवतो, आणि प्रवाहच तिला पलीकडे ढकलतो! इंजिन नाही, वल्हं नाही. एरवी मी दोन फेऱ्या मारल्या असत्या. आज डोक्यात एकच.

पलीकडच्या डेपोत कंट्रोलर बाईंचा फोन मागून घेतला. 'समोरची'चा नंबर पाठ आहे.

"अरे आहेस कुठे तू? फोन का लागत नाही?"

"समुद्रात आहे. ते जाऊ दे. आमच्या दुकानात घड्याळं कोण दुरुस्त करतं?"

ती म्हणाली, "कळलं वाटतं."

तीच. सव्वा वर्ष! दुपारी चष्म्याचं दुकान दोन तास बंद असतं, तेव्हा ती आमच्या दुकानात बसते. डोळ्याला बाबांचं भिंग, हातात बाबांचा चिमटा. बाबा शेजारी बसून घड्याळ कानाला लावतात आणि सांगतात — अडखळतंय, स्प्रिंग बघ, डावीकडचा दगड बघ, चाकाचा आस टेकतो तो बारीक खडा. ती करते.

"तुला किती वेळा म्हटलं, दुपारी दुकानात येत जा?"

म्हटलं होतं. पन्नास वेळा म्हटलं होतं! आणि मला वाटायचं, बाबांसमोर कशाला भेटायचं? मी दुपारी झोपायचो.

"म्हणजे तो मेसेज..."

"मी गेल्यावर त्या खुर्चीत कोण बसणार, हे विचारत होते मी, गधड्या! माझ्यामागे बॅग घेऊन येतोस का, असं नव्हतं विचारलं."

"म्हणजे तुला मी नकोय."

"असं कधी म्हटलं? बघ, आलास रागात." मग हळू आवाजात, "तू आधी ये तर. बारापर्यंत आहे मी."

फोन ठेवला. कंट्रोलर बाई म्हणाल्या, "रडतोयस की भांडतोयस? दोन्ही असेल तर बाकावर बस, मागे रांग आहे."

१८, दुपारी

गाडीत. तिच्यावर राग आहे. आईवर आहे. बाबांवर तर आहेच. तिघांनी मिळून मला लहान मुलासारखं बाहेर ठेवलं!

तास झाला. राग कुणावर आहे ते आता तितकंसं नक्की सांगता येत नाही.

पण मी जाणारच. का नाही जायचं? माझंही काही आहे की नाही? बाबांनी दुकान बंद करावं. लोक करतात. मी तिकडे काहीतरी काम बघेन. घरी पोचलो की दारातच सांगणार. बाबा म्हणणार, 'कॉलेज सोडलंस, आता घर सोड.' मग मी म्हणणार — सगळं तयार आहे, काय काय म्हणायचं ते. सात दिवस तयारच करतोय.

१९ मार्च, सोमवार

पोचलो. साडेनऊ. अडीच तास आहेत.

चपला काढायच्या आत म्हणालो, "बाबा, मी तिच्याबरोबर जातोय."

बाबा कॉटवर बसले, बुटाची नाडी सोडत. बोटांनीच सोडतात, वाकून बघत नाहीत. म्हणाले, "जा."

"म्हणजे?"

"म्हणजे जा. चांगली मुलगी आहे. हात तर सोन्याचे आहेत. दुकानाचं मी बघतो, नाहीतर बंद करतो. आईला नमस्कार करून जा."

एवढंच! सात दिवसांची तयारी, आणि समोर भांडायला कोणी नाही! मी नुसता उभा. आयुष्यात जे जे केलं ते कोणाच्या तरी नाकावर टिच्चून केलं. कॉलेज सोडलं तेसुद्धा. आज पहिल्यांदा कोणी अडवतच नाही, तर मला नक्की काय हवंय तेच सुचेना. आई आत पाणी तापवत होती. तिनेही हाक मारली नाही.

मी कॉटवर बाबांशेजारी बसलो. विचारलं, "चिमटा कुठल्या हातात धरायचा?"

ते दुसऱ्या बुटाची नाडी सोडत म्हणाले, "ते तिलाच विचार. माझ्यापेक्षा चांगलं शिकवते."

ती चष्म्याच्या दुकानात नाही. आमच्या दुकानात बसलीय, बॅग शेजारी ठेवून. खिडकीतून दिसतंय. सगळं बोलायचं आहे तिच्याशी, सव्वा वर्षाचं, आणि बारापर्यंतचा वेळ स्प्रिंग आणि दगड शिकण्यात जाणार. जाऊ दे. तिला सांगणार आहे, मी येत नाही. आणि हेही सांगणार आहे की दर रविवारी मी बसमध्ये असेन. नको म्हणाली तरी.

दुकानाच्या पायरीवर उभा राहून लिहितोय. वही खिशात टाकतो. येताना घराचं दार आपटलं नाही, लावून घेतलं.