रत्नाचा झेटर

मी, निंबा तोताराम बोरसे, वय ७३ वर्षे, धंदा शेती, राहणार सावरपाडे, तालुका पारोळा, जिल्हा जळगाव, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. कोणी भरीला घातलेले नाही, कोणी धाक दाखवलेला नाही. बुद्धी ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. पत्नी बेबाबाई हिचे मत वेगळे आहे, पण कायद्याने तिचा दाखला लागत नाही.

१. राहते घर बेबाबाईच्या हयातीत तिचे, त्यानंतर मुलगा अमृत याचे. तिला विचारल्याशिवाय अमृतने भिंतीत खुंटीसुद्धा ठोकू नये. बँकेतली ठेव तिचीच.

२. शेजारी उखर्डू यांनी दरवर्षी बांध थोडा थोडा सरकवून माझे दोन तास, म्हणजे नांगराच्या दोन सऱ्यांएवढी जमीन, गिळले आहेत. त्यांच्यावर दावा करू नये, मी माफ केले. माझे दिवस झाल्यावर गंधमुक्तीच्या जेवणाला त्यांना बोलवावे, मात्र पहिल्या पंगतीला बसवू नये.

३. तांबडा झेटर ट्रॅक्टर, वडिलांनी १९७० साली घेतलेला. हा अमृतकडे राहील. याबद्दल जास्त लिहावे लागणार आहे.

मी तेव्हा पारोळ्याला शिकत होतो, त्यामुळे ट्रॅक्टर शिकली ती धाकटी बहीण रत्ना. सतराव्या वर्षी ती विहिरीजवळचे दोन एकर एकटी नांगरायची. गाव आधी हसले, मग आपापली वावरे नांगरायला तिलाच बोलावू लागले. डाव्या मडगार्डवर बाभळीला घासून पडलेला पोचा आहे, तो तिचाच. पुढे तिला धुळ्याला दिली. १९८८ साली मी नवा ट्रॅक्टर घेतला आणि झेटर दलालाला देऊन मोकळा झालो. तिला विचारलेही नाही.

२००१ साली वडील गेले. गंधमुक्ती आटोपल्यावर मी रत्नापुढे हक्कसोडपत्र ठेवले. तिने फक्त विहिरीजवळच्या दोन एकरांचे नाव काढले. मी चार माणसांत म्हणालो, "सही कर, नाहीतर माहेर विसर." तिने सही केली. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भाऊ मुऱ्हाळी होऊन जातो आणि बहिणीला माहेरी घेऊन येतो. सही मिळूनही मी त्या वर्षी गेलो नाही, पुढेही कधी गेलो नाही. तिच्यावर राग नव्हता, तिला तोंड दाखवायची लाज वाटत होती. ती लाज मी बावीस वर्षे जपली. दर आखाजीला बेबाबाई म्हणायची, "आंबाना रस गयाखाले उतरस तरी कसा तुमले? जा ना, ननंदबाईले लई या." मी ताटावरून उठून जायचो.

मग मला वाटले, झेटर शोधून तिच्या दारात उभा केला की काही बोलावे लागणार नाही. २०१९ पासून शोध धरला. पारोळ्याच्या दलालाच्या मुलाने पहूरचे नाव सांगितले, पहूरकरांनी चोपड्याचे. शेवटी तो शिरपूरच्या वर सातपुड्याच्या पायथ्याला सिंगा पावरा यांच्या खळ्यात सापडला. चाके गेलेली, इंजिनाला पट्टा लावून ते मळणी करायचे. मी आधी पोचा शोधला, मग चासीचा क्रमांक जुन्या कागदांशी ताडून पाहिला. सिंगाभाऊंना बदल्यात दुसरे इंजिन बसवून दिले.

धुळ्याच्या चंदन मिस्त्रींनी आमच्या खळ्यात येऊन तो उभा केला. पिस्टन, पंप, चाके सगळे जमले. पुढची जाळी मात्र मला अस्सलच हवी होती. तिच्यासाठी चौदा महिने थांबलो. रत्नाचे डायलिसिस सुरू झाल्याचे मला या काळातच कळले होते. चंदन म्हणाले, "आबा, जाळी मागून बसवू, आधी दाखवून या." मी ऐकले नाही.

२०२४ च्या फेब्रुवारीत झेटर स्वतः चालवत धुळ्याला नेला. रत्ना तिची मुलगी दिपमाला हिच्या खांद्यावर हात ठेवून बाहेर आली. पोच्यावरून तिने बोटे फिरवली. वर बसली नाही. म्हणाली, "भाऊ, हाऊ धुंडाले तू सातपुडालोंग गया. मना घरना रस्ता तुले ठाऊक व्हता ना रे?"

 येत्या आखाजीला न्यायला येतो, एवढेच बोललो. ती "बरं" म्हणाली. झेटर तिने ठेवून घेतला नाही, मी परत आणला. आखाजीच्या एकोणीस दिवस आधी ती गेली. 

झेटरचा पोचा कोणीही ठोकून काढू नये. लग्नाच्या वरातीला आणि प्रदर्शनाला तो देऊ नये. दिपमालाने मागितला तर किल्ली त्याच दिवशी द्यावी.

४. विहिरीजवळचे दोन एकर माझ्या पश्चात भाची दिपमाला हिला मिळावेत. (हे कलम खोडले आहे. सही.)

खोडण्याचे कारण असे. एवढे लिहून मी बेबाबाईला वाचून दाखवले. ती म्हणाली, "मरानंतर काबर? आते काय तुमना हात मोडनात?" मी आधी चिडलो, मग पटले. जाळीसाठी थांबलो होतो, तसाच आता मरणासाठी थांबायला निघालो होतो. अमृतला विचारले. रत्नाला तो फुई म्हणायचा. तो म्हणाला, "आबा, ते वावर फुईनंच शे." म्हणून सोमवारी निबंधक कार्यालयात जाऊन दिपमालाच्या नावे बक्षीसपत्र करायचे ठरले आहे.

दिपमाला सासरी असते, तिला भाऊ नाही. आई गेल्यापासून तिला आखाजीला न्यायला कोणी येत नाही. उद्या सकाळच्या एस.टी.ने मी स्वतः मुऱ्हाळी म्हणून जात आहे. ट्रॅक्टर नेणार नाही. तिच्या आईची माफी मागायची राहिली, ती तिच्याजवळ तोंडाने मागणार आहे. तिने दार लावून घेतले तर ओट्यावर बसून राहीन. हे मृत्युपत्र उघडले जाईल तेव्हापासून अमृतने दरवर्षी जावे. तिने यायला नकार दिला तरी जावे.

लिहून ठेवणार: निंबा तोताराम बोरसे

साक्षीदार:
१. रोहिदास मगन सोनवणे, राहणार सावरपाडे
२. चंदन मिस्त्री, राहणार धुळे

आम्ही दोघे लिहून देतो की, निंबाआबांनी आमच्यासमोर सही केली. कलम चार त्यांनी आमच्यादेखत खोडले आणि एस.टी. किती वाजता सुटते ते आम्हालाच विचारले.

ठिकाण: सावरपाडे
दिनांक: २६ एप्रिल २०२५, आखाजीला चार दिवस बाकी