कपाळाला लावायची पोथी

बाई, तोंडावर मी तुम्हाला जपानी रीतीनं सेन्सेई म्हणायचे, पण मनात कायम बाईच. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली आणि माझा राग काही जात नाही, म्हणून आज लिहायला बसले.

२००४ साली मी नवऱ्याच्या व्हिसावर शिकागोला आले. नोकरीची परवानगी नाही, दिवसभर चार भिंती. लायब्ररीतल्या एका कार्यक्रमात तुम्हाला पाहिलं. तुम्ही जमिनीवर बसून एकटीनं सरदार, त्याची म्हातारी आई, रडणारं पोर, सगळ्यांचे आवाज काढत गोष्ट गाताय, शेजारी एक बाई तीन तारांचं शामिसेन वाजवतेय. लहानपणी नागपूरच्या देवळात कीर्तन ऐकत वाढलेली मी, खुळावलेच. मग डेव्हन ॲव्हेन्यूवरून बस धरून आठवड्यातून दोनदा तुमच्या स्वयंपाकघरात. पहिल्याच दिवशी तुम्ही माझ्या पोटावर पट्टा करकचून बांधलात आणि त्यात वाळूची पिशवी खोचलीत, आवाज पोटातून यावा म्हणून. तुमच्या मोडक्या इंग्रजीत म्हणालात, गळ्यातून तर पोपटही गातो.

भांडी घासता घासता तुम्ही एकदा सांगितलंत, हे गाणं मुळात बाहुल्यांच्या खेळासोबतचं, आणि तरुणपणी त्या थिएटरातल्या पुरुषांनी तुम्हाला दारातूनच परत पाठवलं होतं. बाहुल्यांना बाईचा आवाज शोभत नाही म्हणे. साठ वर्षांनंतरही सांगताना तुम्ही पातेलं आपटलंत. मला वाटलं, हिला माझं कळेल. कसलं काय!

गाण्याआधी पोथी दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावायची, आणि ती पोथी गुरूच्या पोथीवरून स्वतः ब्रशनं उतरवलेली हवी, हा तुमच्याकडचा नियम. तुम्ही कागद, शाई, ब्रश दिलात. मला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. सगळं पाठ आहे, मग ही चित्रं कशाला काढू, असं मी विचारलं, तर तुम्ही नुसतं ‘उतरव’ म्हणालात. मी माझ्यासाठी देवनागरीत वेगळी पोथी केली, सुंदर अक्षरात, कापडी बांधणीची.

दोन वर्षांनी तुम्ही मला कार्यक्रमात बसवायचं ठरवलंत. आमची ओळखीची दहा मराठी घरं हॉलमध्ये आली, एक काकू तर चिवड्याचा डबा घेऊन. आत तयारीच्या खोलीत तुम्ही माझी पोथी उघडलीत.

“मी उतरवायला दिलेली कुठे आहे?”

“झाली नाही.”

तुम्ही ती मिटून माझ्या हातात दिलीत. “मग कपाळाला लावायला तुझ्याकडे काही नाही.”

माझ्या जागी ओसाकाहून सहा महिन्यांसाठी आलेली एक मुलगी बसली. मी काकूंच्या शेजारी बसून ऐकलं, पट्टा तसाच पोटावर. गाडीत नवरा म्हणाला, “जाऊ दे यार, कोणाला कळणार होतं तिथे?” दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. तुमच्याशी तर परत कधीच नाही. तुमचे दोन फोन आले, मी मशीनवर जाऊ दिले. पुढच्या वर्षी तुमच्या मुलीनं कळवलं तेव्हा अंत्यविधीलाही आले नाही.

आता आम्ही शिकागो सोडून पार्सिपनीत आहोत. इथे कोणी गाण्याचा विषय काढला की मी तुमची गोष्ट सांगते. जिला पुरुषांनी दारातून परत पाठवलं, तिनंच मला दारातून परत पाठवलं. सगळे हळहळतात, आणि मला ते आवडतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते माझ्याकडे बघूनच.

ही चिठ्ठी कुठे पाठवणार? म्हणूनच सांगते. तुम्ही सांगितलेली पोथी पूर्ण झाली होती, बाई. आठ महिने एकेक रेघ बघून काढली होती. त्या दिवशी ती गाडीच्या डिकीत होती, पार्किंग हॉलच्या मागेच. तुम्ही माझी देवनागरीतलीच पोथी मला कपाळाला लावू द्यावी म्हणून मी अडून बसले, आणि झाली नाही म्हणाले.