आक्का, घरात काय ठेवू

आक्का, इतक्या वर्षांनी लिहितोय, राग मानू नकोस. आधीच लिहायला हवं होतं. पण तुला वाचता येत नव्हतं आणि मला लिहायची सवय नाही, सातवीत शाळा सुटली ती सुटलीच. नातेवाइकांची आलेली पत्रं मीच तुला वाचून दाखवायचो आणि तू चुलीपुढं बसून, भाकरी थापता थापता, 'पुढं' म्हणायचीस. आता हे पत्र तुला कोण वाचून दाखवणार, असं मनात आलं आणि दोनदा पेन खाली ठेवलं. पण विचारायला दुसरं कुणी उरलं नाही. आई असून तुला मी कधी आई म्हटलं नाही. चुलते आक्का म्हणायचे, तेच माझ्या तोंडी बसलं.

विषय आपल्या घराचा आहे. खानापूरच्या पुढं, गोव्याच्या रस्त्याला लागून असलेलं आपलं गावातलं घर. तू गेल्यावर आम्ही बेळगावातच राहिलो, मला उद्यमबागेतल्या फाऊंड्रीची नोकरी होती, घर बंद राहिलं. तुझा नातू, आमचा मुलगा, आता पुण्याला असतो. तू गेलीस तेव्हा तो रांगत होता, आता त्याचेही केस पांढरे व्हायला लागलेत. गेल्या वर्षी त्यानं ठरवलं की घर नुसतं बंद ठेवण्यापेक्षा सुट्टीला येणाऱ्या लोकांना दोन-चार दिवस भाड्यानं द्यायचं. आता अशी पद्धत निघाली आहे आक्का. नातं ना गोतं, लोक दुसऱ्याच्या घरात येऊन राहतात, स्वतः रांधून खातात, धबधबे बघून येतात आणि जाताना फोनवरून घराला चांदण्या देतात. चांदण्या म्हणजे मार्क. नातू म्हणाला, "अण्णा, एक वर्ष बघू. चाललं तर घर राहील. नाही चाललं तर विकून मोकळं होऊ, मला पुण्यातून सांभाळणं होत नाही." त्यानं घराला रंग दिला, न्हाणीत फरशी बसवली, आणि आत कुठली कुठली यंत्रं ठेवायची ते मात्र माझ्यावर टाकलं. घर बारकं आहे, सगळं कोंबू नका, म्हणाला.

एवढ्याशा गोष्टीनं मला घोर लागला. घर राहणार की जाणार हे मिक्सर आणि गिझरवर येऊन ठेपलंय असं मला वाटायला लागलं, आणि ते खोटंही नव्हतं. गावातला करंट तुला माहीत आहे. तुझ्या वेळी बल्ब निखाऱ्यासारखा लाल दिसायचा. आता बरा आहे, पण एका वेळी फार ओढ सोसत नाही. लाईनमन बघून गेला आणि म्हणाला, गिझर आणि विजेची शेगडी दोन्ही एकदम लावली तर फ्यूज उडणार, दोन्हीतलं एक काय ते ठेवा. गॅसला नातवाचा नकार, परकी माणसं, सिलिंडरचं काही झालं तर आपल्या गळ्यात. मग शेगडीशिवाय रांधणार कशावर? आणि गिझरशिवाय आंघोळ? मी खडेबाजारातल्या दुकानात नुसता जाऊन उभा राहायचो. फ्रिजचं दार उघडून बघायचो, मिटायचो. शेवटी तो दुकानदार वैतागून म्हणाला, "अज्जा, रोज थंड हवा खायला येता काय?" घरी तुझी सून वेगळीच. कपडे धुवायचं मशीन ठेवावं का, असं मी तिला विचारलं तर म्हणाली, "माझा जल्म गेला धुणं आपटण्यात. तवा न्हाय सुचलं. परक्या बायकांसाठी बरं सुचाय लागलंय." मशीनचा विषय तिथंच संपला.

मला सारखी तू आठवत होतीस. तुझ्या घरात काय ठेवायचं ते तूच ठरवायचीस आणि तुझं माप सोपं होतं. कुणी पाहुणा ओसरीवर टेकला की तू खायचं विचारायचीसच नाहीस. न्हाणीतल्या मोठ्या तांब्याच्या हंड्याखाली आधीच लाकडं सारलेली असायची. "पाणी तापलंय, पैल्यांदा अंग धुवून घ्या," एवढंच म्हणायचीस. माणूस आंघोळ करून बाहेर आला की निम्मा आपला झालेला असतो, असं तुझं म्हणणं. आणि वर, सोय जाणेल तो सोयरा. लहानपणी मला वाटायचं ही म्हण तुझीच आहे.

मी पहिल्यांदा बोनसमधून तुला मिक्सर आणला ती दिवाळी मला दिसते. तू उंबऱ्यात उभी आहेस, मी बटण दाबतो, खोबरं आणि लसूण भांड्यात उड्या मारतायत आणि तू दोन्ही कानांवर हात ठेवतेस. "चटणी करतोस का गिरणी घाटलीस रं घरात? बंद कर ते. म्हशीनं दावं तोडलं." म्हशीनं दावं तोडलं नव्हतं, पण मी बंद केला. दुकानात परत देतो म्हणालो तर तू माझ्या हातातून तो काढून घेतलास, फळीवर ठेवलास, वर स्वच्छ फडकं टाकलंस आणि म्हणालीस, "इरली."

तुझा हा शब्द. तुझं माहेर निपाणीकडचं, शेजार सगळा कानडी, तो तू सोबत घेऊनच आलीस. इरली म्हणजे असू दे. पण तुझ्या तोंडी दोन इरल्या होत्या. कुणी एखादी वस्तू टाकायला निघालं की इरली, म्हणजे राहू दे, टाकू नको. आणि काही हातचं गेलं, दूध नासलं, कप फुटला, की तीच इरली, म्हणजे जाऊ दे, आता बोलून काय. यातली कुठली ते तुझ्या हाताकडं बघून कळायचं. ठेवायच्या इरलीला तुझी मूठ मिटलेली असायची. सोडायच्या इरलीला बोटं उघडी.

फाऊंड्रीत लागल्यावर मिस्त्रीला विचारून, उरलेल्या लोखंडाच्या रसातून मी तुझ्यासाठी बिडाचा तवा ओतला होता. घासून घासून गुळगुळीत केला, सायकलवर मागं बांधून घेऊन आलो. तू तो दोन्ही हातांनी उचलायला बघितलास. "लई जड हाय की रं. ह्यो चुलीवर चढवायला गडी ठेवून दे एक." मी हिरमुसलो. मग तू कडेनं बोट फिरवलंस, खरखर लागते का बघितलंस, तवा पोटाशी धरलास आणि इरली म्हणालीस. तेव्हा मूठ बघायची गरज नव्हती. पुढं त्या तव्यावरचं धिरडं खाऊन चुलत्यांनी बोटं चाटली होती.

तर अखेर मी गिझर ठेवला, इंडक्शनची शेगडी ठेवली, लहान फ्रिज ठेवला. मिक्सर तुझाच ठेवला, फळीवरचा, कोरा होता म्हणून. भांडीही तुझीच, तो बिडाचा तवा, पितळी पातेली, ॲल्युमिनियमचं डेचकं, घासून लख्ख केलेली. आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत कागद लावला, गिझर चालू असताना शेगडी लावू नये. सून वाचून अक्षर बरं आहे म्हणाली, तेवढंच.

पहिली माणसं हुबळीची आली. त्यांना मराठी वाचता येत नव्हतं. मला कानडी बोलता येतं, आक्का, लिहिता येत नाही, आणि हे माझ्या डोक्यातच आलं नाही. त्यांनी दोन्ही लावलं. फ्यूज उडाला. दुसरी गोव्याची पोरं, त्यांनी कागद वाचलाच नाही, फ्यूज उडाला. बरं, त्या इंडक्शनवर तुझं एकही भांडं तापेना. मला वाटलं शेगडी खराब आली. नातू फोनवर म्हणाला, अण्णा, त्याला लोखंडाचं भांडं लागतं, पितळ नाही चालत. जन्म लोखंडात घालवला मी. त्या घरात शेगडीवर तापणारी एकच वस्तू होती, तुझा तवा. गोव्याच्या पोरांनी दोन दिवस आम्लेटंच खाल्ली. तिसऱ्या खेपेला कुणीतरी तुझा मिक्सर लावला आणि त्यातून जळका वास आला. नुसता ठेवून ठेवून तो आतून गेला होता. वर फडकं होतं म्हणून मला वाटत होतं तो नवा आहे.

चांदण्या पडत नव्हत्या त्या पडत नव्हत्याच. एका माणसानं लिहिलं ते नातवानं मला फोनवर वाचून दाखवलं. घर छान, शांत आहे. सोय नाही. तो पुढचं काही बोलत होता, मला ऐकू आलं नाही. तुझ्या घराला कुणी सोय नाही म्हणावं, आणि तेही मी ठेवलेल्या वस्तूंमुळं. नवी भांडी घेऊ, दुसरा मिक्सर घेऊ, कागद कानडीत लिहून घेऊ, असं मी म्हणत राहिलो. तो हो हो म्हणत राहिला. मुलगा हो हो म्हणतो तेव्हा त्याचं ठरलेलं असतं, हे बापाला कळतं.

मग पावसाळा सरताना निपाणीकडचं एक कुटुंब येणार असं कळलं. मी कुणाला न सांगता आदल्या दिवशीच्या एसटीनं गावी गेलो. हंडा अजून न्हाणीत आहे, नातू तो काढणार होता, मी काढू दिला नव्हता. घासला, भरला, शेजारच्या घरातून लाकडं आणली. ओली होती, धुरानं डोळे चरचरले, खोकला आवरेना, पण पाणी तापलं. माणसं गाडीतून उतरली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, पाणी तापलंय, पैल्यांदा अंग धुवून घ्या. तरुण मंडळी एकमेकांकडं बघायला लागली. त्यांच्यातली म्हातारी तेवढी काही न विचारता आत गेली. बऱ्याच वेळानं बाहेर आली, केस मोकळे, तोंड लाल झालेलं. ओसरीवर टेकली आणि मला म्हणाली, "घरात बाईमाणूस कोण हाय?" मी म्हटलं आता कुणी न्हाय. "व्हय? मग पाणी कुणी काढलं एवढं निगुतीनं?" तिनं मला शेजारी बसवून घेतलं, स्वतःच्या पिशवीतली चुरमुऱ्याची पुडी सोडली. त्या दिवशी मला वाटलं, कळलं आपल्याला काय ठेवायचं ते. पण त्या म्हातारीजवळ चांदण्या देणारा फोन नव्हता. तिच्या मुलानं लिहिलं, न्हाणीत धूर होतो, मालकाचा माणूस घरातच थांबतो.

त्यानंतर चारच दिवसांनी नातवाचा फोन आला. घराला गिऱ्हाईक आलंय, बेळगावचंच आहे, पाडून नवीन बांधणार, भाव बरा देतोय. "अण्णा, तुमच्या मनाविरुद्ध मी करणार नाही. तुम्ही सांगा." बिचाऱ्यानं खरंच विचारलं आक्का, त्याला दोष देऊ नकोस. मला पुष्कळ बोलायचं होतं. हंड्याचं सांगायचं होतं, म्हातारीचं सांगायचं होतं. पण तोंडातून एकच शब्द बाहेर आला. इरली.

तो म्हणाला, "बरं झालं अण्णा. तुम्ही मनातून सोडलंत, मला तेच हवं होतं."

येत्या आठवड्यात विक्रीचे कागद होणार आहेत. फ्रिज आणि गिझर तो पुण्याला नेणार नाही, तिकडं आहेत, इथंच कुणाला तरी देऊन टाका म्हणाला. हंडा तांब्याचा आहे, मोडीत जाईल. मिक्सर कुणी घेणार नाही. तवा मी पिशवीतून घेऊन आलो, सुनेनं एका हातानं उचलायला बघितला आणि तुझ्यासारखीच बोलली, मग दोन्ही हातांनी उचलून जागेवर ठेवला. बीड पडून राहिलं की गंजतं, म्हणून तेल लावून कागदात गुंडाळायचा आहे. पोस्टाच्या कुठल्या पेटीत तुझं पत्र टाकायचं ते मला माहीत नाही, तेव्हा हाच कागद तव्याला गुंडाळीन म्हणतो.

एक गोष्ट राहिली. फोन ठेवल्यावर लगेच परत लावून, ती इरली नव्हे रं, दुसरी, असं त्याला सांगता आलं असतं. तो ऐकणारा आहे. मी लावला नाही, कारण यातली कुठली होती ते माझं मलाच सांगता येईना. एका हातात फोन होता. दुसरा हात मिटला होता का उघडा होता, ते मी बघितलं नाही. तू असतीस तर तुझं लक्ष आधी तिथंच गेलं असतं. आठवडाभरात कागद होतील आक्का. त्याच्या आत, जमेल तसा, कुणाकरवी तरी निरोप धाड. कुठली ते तेवढं लवकर कळव.