शिंगाच्या रंगाचा देव

धावडा, १२ जानेवारी १९९४, सांजच्याला

सुरतेहून रजा काढून आलो, तं धाकटी बहीण कमल पाच दिवसांपासून तापानं फणफणून राह्यली. दवाखाना न्हाई, नुसता अंगारा. म्हणे बांधावरचा देव बरं करतो.

अरे, तो देव मीच आणला! लोक आमच्या बांधावर परसाकडला बसायचे म्हणून पोळ्याला बैलाच्या शिंगांचा उरलेला रंग एका धोंड्याला फासला अन् कामाला गेलो. बस, इतकंच. मागं त्याला नारळ फुटू लागले.

आज सांगून टाकलं, "माय, तो शेंदूर न्हाई, शिंगाचा रंग हाये."

माय म्हणाली, "तुला काय कळतं? देवानंच तुझ्या हातून लावून घेतला."

सगळेच देव असे आले असतील का? डोकं पिकलं.

शेवटी माय कबूल झाली. उद्या पहिल्या जीपनं कमलला भोकरदनला न्यायचं, पण आधी देवाच्या पाया पडून. म्हणजे मीच फासलेल्या रंगापुढं मीच वाकायचं. वाकतो. पण कमलला काही झालं, तं तो धोंडा बराबर विहिरीत टाकीन.